टेक्सासचा परवाना आणि वाटेतली सात राज्ये

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्ते डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतात. ग्रीन कार्ड आहे, पिस्तूल जवळ बाळगण्याचा टेक्सासचा परवाना आहे. उन्हाळ्यात गाडीने आधी शिकागोच्या उपनगरात बहिणीकडे आणि तिथून न्यू जर्सीत एडिसनला मामांकडे जायचे आहे. पिस्तूल ग्लॉक १७, सोबत १७ गोळ्यांची दोन मॅगझिन. परवाना खिशात असेल तर पिस्तूल कपड्याआड लावून सगळीकडे जाता येईल का?

नाही. एडिसनला तर ते नेताच येणार नाही, डिकीत कुलूप लावूनसुद्धा. हा शेवटचा भाग बहुतेकांना माहीत नसतो, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

मुळात घोटाळा होतो तो ड्रायव्हिंग लायसन्समुळे. टेक्सासच्या लायसन्सवर थेट मेन राज्यापर्यंत गाडी चालवता येते, मग पिस्तुलाचेही तसेच असेल असे वाटते. तसे नाही. दुसऱ्या राज्याचा परवाना मानायचा की नाही हे प्रत्येक राज्य आपापले ठरवते. सगळ्या राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाले होते, पण सिनेटमध्ये अडकले. तेव्हापासून दर वर्ष-दोन वर्षांनी ‘आता देशभर चालणार’ अशी बातमी फिरते. बातमीवर गाडी काढू नका.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालाबद्दलही असाच गैरसमज आहे. ‘विशेष कारण दाखवा, तरच परवाना’ ही न्यूयॉर्कची अट त्या निकालाने गेली. याचा अर्थ न्यूयॉर्कने टेक्सासचा परवाना मानावा असा होत नाही. उलट त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून न्यूयॉर्कने टाइम्स स्क्वेअर, सार्वजनिक वाहतूक, उद्याने अशी बंदीच्या जागांची लांबलचक यादी लागू केली.

राज्यांचे ढोबळ तीन प्रकार धरा. पहिला, परवान्याशिवायही बाळगू देणारी राज्ये. अशी आता निम्म्याहून जास्त आहेत. दुसरा, ठराविक राज्यांचे परवाने मानणारी. तिसरा, बाहेरचा कोणताच परवाना न मानणारी: कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, मेरीलँड, इलिनॉय, हवाई, ओरेगन आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी. तुमच्या प्रवासात तिन्ही प्रकार येतात.

ओक्लाहोमा आणि मिसूरी सोपी आहेत. ओक्लाहोमात १ नोव्हेंबर २०१९ पासून, मिसूरीत १ जानेवारी २०१७ पासून परवाना लागत नाही. तरीही टेक्सासचा परवाना काढला आहे ते बरेच आहे, आणि तो संपू देऊ नका. ‘आता टेक्सासमध्ये परवाना लागतच नाही’ म्हणून २०२१ नंतर अनेकांनी नूतनीकरण सोडले. पण विनापरवाना मुभा त्या त्या राज्याच्या हद्दीपुरती असते. पेनसिल्व्हेनिया टेक्सासचा परवाना मानते. परवानाच नसेल तर तिथे गाडीत भरलेले पिस्तूल ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे. व्हरमाँटच्या लोकांची गंमत याहून वेगळी. तिथे परवाना पद्धतच नाही, त्यामुळे राज्याबाहेर दाखवायला त्यांच्याकडे काहीच नसते. त्यांना यूटा किंवा फ्लोरिडाचा अनिवासी परवाना काढावा लागतो.

तो अनिवासी परवाना तुम्हालाही कोणीतरी सुचवेल: ‘यूटाचा काढ, तीसेक राज्यांत चालतो.’ तुमच्या वाटेवर त्याने काही फरक पडत नाही. शिवाय मिशिगन आणि कोलोरॅडो बाहेरचा परवाना मानतात तो धारक त्याच राज्याचा रहिवासी असेल तरच. टेक्सासच्या माणसाने यूटाचे कार्ड दाखवून तिथे भागत नाही, टेक्सासचेच लागते.

मिसूरी संपते ती सेंट लुइसला, मिसिसिपी नदीवर. पूल ओलांडला की इलिनॉय, आणि खरे नियम तिथून सुरू होतात. इलिनॉय तुमचा परवाना मानत नाही, पण बाहेरून गाडीने येणाऱ्याला एक सवलत देते. स्वतःच्या राज्यात तुम्हाला बाळगण्याचा अधिकार असेल आणि तसा परवाना जवळ असेल, तर गाडीत बसलेले असेपर्यंत पिस्तूल झाकून जवळ ठेवता येते. गाडीतून उतरलात की सवलत संपली. पेट्रोल भरायला, कॉफी घ्यायला उतरताना पिस्तूल गाडीतच, बाहेरून दिसणार नाही असे, गाडी किंवा आतली पेटी कुलूपबंद करून.

चूक नेमकी इथे होते. लोक पंपावर गाडीबाहेर उभे राहून कमरेचे होल्स्टर काढतात आणि डिकीत ठेवतात. एक तर ती दोन मिनिटे तुम्ही सवलतीबाहेर असता. दुसरे म्हणजे शेजारच्या पंपावरचा माणूस ९११ फिरवतो. पिस्तूल कुठे ठेवायचे ते पूल ओलांडण्याआधी, मिसूरीतच ठरवा. सीटखाली केबलने बांधलेली छोटी लोखंडी पेटी असली की बसल्या जागी, हात खाली ठेवूनच काम होते.

आता मॅगझिन. इलिनॉयने जानेवारी २०२३ च्या कायद्याने पिस्तुलाच्या मॅगझिनवर १५ गोळ्यांची मर्यादा घातली. ग्लॉक १७ चे नेहमीचे मॅगझिन १७ चे. कायद्यावर कोर्टात भांडण चालू आहे, पण ते भांडण तुमच्या गाडीतल्या मॅगझिनवर लढले जाऊ नये. ग्लॉक १७ साठी १० चे मॅगझिन मिळते. दोन विकत घ्या, जुनी फ्रिस्कोतच ठेवा. १७ च्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या भरून भागत नाही. कायदा मॅगझिनची क्षमता बघतो, आतल्या गोळ्या मोजत नाही.

बहिणीच्या घरी पिस्तूल नेताना ते रिकामे आणि बंद केसमध्ये हवे. आणि इथे दुसराच प्रश्न उभा राहतो: बहीण आणि मेहुणे कोणत्या व्हिसावर आहेत? एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे बिगर-स्थलांतरित व्हिसे. या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही जवळ ठेवायला बंदी आहे. शिकारीचा परवाना असल्यास सूट मिळते, असे एक-दोन अपवाद आहेत. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. ‘जवळ ठेवणे’ म्हणजे हातात घेणेच नव्हे; हाताशी असणे आणि त्यावर ताबा असणेही त्यात धरले जाते. म्हणून पेटीची चावी किंवा आकडा फक्त तुमच्याकडे राहू द्या. ‘मी बाहेर जातोय, ही चावी तुझ्याकडे ठेव’ असे मेहुण्यांना म्हणू नका. भारतातून आलेल्या आई-बाबांना हौसेने शूटिंग रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देतात, तेही याच कलमात बसते, फोटो काढला असेल तर पुराव्यासकट.

तुमचे स्वतःचे ग्रीन कार्ड आहे, म्हणून फेडरल बंदी तुम्हाला लागू नाही. पण नागरिकापेक्षा तुमचा धोका मोठा आहे. बंदूक बेकायदा बाळगल्याचा गुन्हा सिद्ध झाला, तो अगदी राज्याच्या कायद्याखालचा किरकोळ असला तरी, इमिग्रेशन कायद्यात ते हद्दपारीचे स्वतंत्र कारण आहे. नागरिक असलेला शेजारी दंड भरून, गुन्हा कबूल करून घरी जाईल. त्याच कबुलीवर तुमच्यापुढे हद्दपारीची नोटीस येऊ शकते. म्हणून कधी पकडले गेलात तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कोणत्याही तडजोडीवर सही नाही. आणि राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायदा नियमित गांजा घेणाऱ्याला बंदूक बाळगू देत नाही. इलिनॉयमध्ये दुकानातून सरळ मिळतो, त्यामुळे हे लक्षात राहत नाही.

शिकागोहून पूर्वेला इंडियाना आणि ओहायो. इंडियानात १ जुलै २०२२ पासून आणि ओहायोत १३ जून २०२२ पासून परवाना लागत नाही. ओहायोत वय २१ हवे. इंडियाना टोल रोड मिशिगनच्या सीमेला चिकटून जातो. तळ्याकाठी थांबायला म्हणून वर वळलात तर मिशिगनचा एक नियम आधी वाचा: पोलिसाने थांबवले की त्याने विचारायची वाट न बघता, लगेच, आपल्याकडे पिस्तूल आहे हे सांगावे लागते. ओहायोत तो विचारेल तेव्हा खरे सांगायचे. टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितले की सोबत परवानाही दाखवायचा. हा फरक लक्षात ठेवत बसण्यापेक्षा सगळीकडे एकच पद्धत ठेवा: इंजिन बंद, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग ‘माझ्याकडे बाळगण्याचा परवाना आहे आणि पिस्तूल उजव्या कमरेला आहे, काय करू सांगा.’ वाक्याची सुरुवात परवान्याने करा. पहिलाच शब्द ‘गन’ गेला की पुढचे कोणी ऐकत नाही. आणि गाडीचे कागद पिस्तुलाशेजारी ठेवू नका. कागद काढायला हात तिकडे गेलेला पोलिसाला आवडत नाही.

शाळांचे प्रकरण सगळ्या राज्यांत सारखे आहे, कारण तो कायदा फेडरल आहे. बारावीपर्यंतच्या कोणत्याही शाळेच्या १,००० फुटांत, म्हणजे साधारण ३०५ मीटरमध्ये, भरलेली किंवा कुलपाबाहेरची बंदूक चालत नाही. खासगी घर-जमिनीला सूट आहे. परवानाधारकालाही आहे, पण परवाना त्याच राज्याचा असेल तरच. म्हणजे टेक्सासच्या परवान्याची सूट टेक्सासमधल्या शाळांपुरती. मिसूरीत गावातल्या शाळेसमोरून गाडी गेली तर कागदोपत्री गुन्हा होतो. हे कलम सहसा दुसऱ्या गुन्ह्याला जोडून लावतात, पण आहे. मराठी माणसाला हे दुसरीकडूनही लागते. महाराष्ट्र मंडळांचे गणपती, दिवाळीचे कार्यक्रम, रविवारची मराठी शाळा बऱ्याचदा हायस्कूलच्या भाड्याच्या सभागृहात भरतात. शाळेला सुट्टी असली म्हणून इमारत शाळेची राहत नाही असे नाही. ढोल वाजवताना शर्ट वर गेला आणि कमरेचे दिसले, तर सुरुवात तिथूनच होईल. देवळाबाबत ओहायो आणि मिशिगनमध्ये प्रार्थनास्थळात त्यांच्या परवानगीशिवाय नेता येत नाही.

दारावरच्या ‘बंदूक आणू नका’ या पाट्यांचे वजनही राज्यागणिक बदलते. टेक्सासमध्ये ३०.०६ आणि ३०.०७ या कलमांच्या पाट्यांना ठरलेला मजकूर लागतो, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, निदान एक इंच उंचीच्या अक्षरांत. इलिनॉयमध्ये राज्य पोलिसांनी ठरवलेली चार बाय सहा इंचांची, बंदुकीवर आडवी रेघ मारलेली छोटी पाटी पुरते. टेक्सासच्या मोठ्या पाटीची सवय झालेल्याला ती दारावर दिसतच नाही.

इलिनॉय सोडले तर पेनसिल्व्हेनियापर्यंत टेक्सासचा परवाना चालतो. आय-८० महामार्गावर डेलावेअर नदी ओलांडली की न्यू जर्सी.

इथे लोक १९८६ च्या फेडरल कायद्याचा आधार सांगतात. त्यात प्रवाशासाठी खरेच एक संरक्षण आहे. ते नीट वाचा: जिथे तुम्हाला बंदूक बाळगण्याचा आणि जवळ घेऊन फिरण्याचा कायदेशीर हक्क आहे अशा जागेपासून, तसाच हक्क असलेल्या दुसऱ्या जागेपर्यंत, ती रिकामी करून, बंदूक आणि गोळ्या दोन्ही प्रवाशांच्या हाताला येणार नाहीत अशा ठेवून नेता येते. निघण्याची जागा टेक्सास, ठीक. पण पोहोचण्याची जागा एडिसन. तिथे न्यू जर्सीच्या परवान्याशिवाय पिस्तूल जवळ घेऊन फिरण्याचा तुम्हाला हक्क नाही, आणि मामांचे घर हे तुमचे घर नव्हे. दुसरी अटच तुटली, त्यामुळे डिकीतले कुलूप कितीही चांगले असले तरी हे संरक्षण तुम्हाला मिळत नाही. हा कायदा राज्यातून पार जाणाऱ्यासाठी आहे, राज्यात मुक्कामाला येणाऱ्यासाठी नाही.

न्यू जर्सीत विनापरवाना पिस्तूल म्हणजे दुसऱ्या दर्जाचा गुन्हा: ५ ते १० वर्षे, त्यातले निदान ४२ महिने पॅरोलविना. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका आईला तिथे वाहतूक पोलिसाने थांबवले. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना होता, आणि पिस्तूल आहे हे तिने स्वतःहून सांगितले. अटक झाली, सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार आली, आणि शेवटी एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनी माफी दिली तेव्हा ती सुटली. त्याशिवाय न्यू जर्सीत मॅगझिनची मर्यादा १० आणि होलो पॉइंट गोळ्यांवर (टोकाला खळगा असलेल्या, बहुतेक लोक स्वसंरक्षणाला वापरतात त्याच) कडक बंधने आहेत.

म्हणून या सहलीत पिस्तूल फ्रिस्कोच्या तिजोरीत राहू द्या, किंवा एडिसनचा टप्पा वेगळा, विमानाने करा.

मामांकडे न थांबता पुढे न्यू हॅम्पशायरला जाणार असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे २०१७ पासून परवाना लागत नाही, म्हणजे दोन्ही टोके बसतात. मग पेनसिल्व्हेनियातच, सीमेच्या आधीच्या थांब्यावर, हे करायचे. मॅगझिन काढा. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) तीनदा मागे ओढा, मागे अडकवून ठेवा, चेंबरमध्ये (नळीच्या मागे गोळी बसते त्या जागेत) डोळ्याने बघा आणि करंगळीने चाचपा. आधी मॅगझिन, मग स्लाइड. उलट केलेत तर स्लाइड पुढे जाताना नवी गोळी चेंबरमध्ये चढते आणि माणूस ‘रिकामे आहे’ समजून बसतो. केबल लॉक आतून ओवा. कडक केस, दोन कुलुपे, डिकीत. मॅगझिनमधल्या गोळ्याही काढा आणि मूळ खोक्यात, वेगळ्या कुलूपबंद पेटीत ठेवा. न्यूयॉर्कच्या कायद्याची व्याख्या विचित्र आहे: पिस्तूल रिकामे असले तरी त्याला चालणाऱ्या गोळ्या त्याच वेळी तुमच्याकडे असतील, तर ते ‘भरलेले’ धरले जाते. सिएना किंवा ओडिसीसारख्या मिनीव्हॅनला वेगळी डिकी नसते. तिथे कुलूपबंद पेटी लागतेच, आणि डॅशबोर्डचा कप्पा किंवा सीटमधला कन्सोल कुलूप असले तरी पेटी धरला जात नाही. चावी पेटीपासून लांब ठेवा.

वाटेत पेट्रोल आणि स्वच्छतागृह, इतकेच. रात्रीचा मुक्काम न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कमध्ये नको. नकाशा बघून आय-८४ घ्या: स्क्रँटनवरून ती पोर्ट जर्व्हिसला थेट न्यूयॉर्क राज्यात शिरते, न्यू जर्सीला अगदी घासून पण आत न जाता, आणि न्यूयॉर्क शहरही टळते.

विमानाने नेताना: रिकामे, कडक केसमध्ये, कुलूपबंद, फक्त चेक-इन सामानात, आणि काउंटरवर तोंडाने सांगून. कुलपाची चावी प्रवाशाकडेच राहिली पाहिजे असा नियम आहे, म्हणून केसला साधे भक्कम कुलूप लावा. टीएसएच्या (विमानतळावर सामान तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या) चावीने उघडणारे कुलूप बाहेरच्या बॅगेला ठीक. हातातल्या बॅगेत राहून गेलेली पिस्तुले टीएसएला २०२३ मध्ये ६,७३७ सापडली, त्यातली सुमारे ९३ टक्के भरलेली. घरून निघताना रोजची ऑफिसची बॅग विमानाला नेऊ नका, वेगळी घ्या.

खरा सापळा चुकलेल्या विमानात आहे. २००५ मध्ये यूटाच्या एका प्रवाशाचे नेवार्कला पुढचे विमान चुकले. एअरलाइनने सामान परत दिले, तो ते घेऊन हॉटेलवर गेला. सकाळी काउंटरवर नियमाप्रमाणे पिस्तूल आहे असे सांगितले आणि अटक झाली. फेडरल अपील कोर्टाने त्याच्या विरोधात निकाल दिला, कारण रात्रभर हॉटेलात ते त्याच्या हाताशी होते. नेवार्क, जेएफके किंवा लाग्वार्डियाला अडकलात आणि बॅग पुढे केली तर हात लावू नका; ती एअरलाइनच्याच ताब्यात ठेवून पुढच्या विमानाला चढवायला सांगा. तिकीट काढतानाच असा थांबा टाळलेला बरा.

राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याचा नियम चालतो, पण आतल्या सरकारी इमारतींत बंदी आहे. यलोस्टोन तीन राज्यांत पसरले आहे हे लक्षात असू द्या. कॅनडाचा विचारही नको. डेट्रॉइटला चुकीच्या लेनमध्ये राहिलात की थेट विंडसरच्या पुलावर चढता, आणि तिथून मागे वळायला जागा नसते.

यादी तपासताना ॲपवर विसंबू नका. त्या राज्याच्या पोलिसांचे किंवा ॲटर्नी जनरलचे पान उघडा. डिसेंबर २०१५ मध्ये व्हर्जिनियाच्या ॲटर्नी जनरलने एका घोषणेत २५ राज्यांच्या परवान्यांची मान्यता काढली, आणि महिन्याभरात राजकीय तडजोड होऊन ती परत आली. एकदा निघायच्या आठवड्यात बघा आणि पान छापून गाडीत ठेवा. तुमची सहल उन्हाळ्यातली आहे. बरेच नवे राज्य-कायदे १ जुलैला लागू होतात, म्हणून जूनमध्ये जाऊन जुलैत परतणार असाल तर परतीच्या आदल्या रात्री पुन्हा बघा.